पाठकोरा कागद

१

मयूरी दुपारी एक ते अडीच झोपायची आणि तेवढ्या वेळात मी इंग्रजी शब्द लिहायचे. माझ्या एम.ए.चा एवढाच उपयोग उरला होता. सांगलीत गणपती पेठेतल्या एका बोळात तात्यांचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, बिलबुकं, आणि वर्षाकाठी कॉलेजच्या मुलांसाठी एक पुस्तिका : अपरिचित इंग्रजी शब्द, त्यांचा अर्थ आणि मूळ. ती पुस्तिका माझ्याकडे होती. कागदावर तीन रकाने आखायचे. एका पानावर पाचच शब्द बसायचे, कारण माझं अक्षर मोठं आणि तात्यांची नजर अधू.

"अर्थ काय, कुणीबी सांगंल हो," तात्या म्हणायचे. "तुम्ही मूळ लिहा. शब्द कुठल्या गावचा, कुणाच्या घरातला. सोयरीक जमवताना बघतो न्हवं आपण?"

माझे यजमान सुमंत साताऱ्याला नोकरीला. शनिवारी संध्याकाळी यायचे आणि सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत जायचे. घरात माझ्या सासूबाई, म्हणजे माई, मी आणि वीस महिन्यांची मयूरी. सकाळी अकराला बनाबाई यायची. मयूरीला जन्मापासून न्हाऊ घालणारी तीच. पोरगी चालायला लागली तरी ते बंद झालं नव्हतं, कारण बंद करायला बनाबाई तयार नव्हती. माझं नाव अश्लेषा. हे नक्षत्र सासूला जड जातं म्हणतात. माईंना ते ठाऊक असूनही त्यांनी मला पसंत केलं होतं, त्यामुळे मी त्यांच्यापुढे कायम थोडी अपराधी असायचे. मला अपराधी वाटायला एरवीही फारसं कारण लागत नाही. मूल शिंकलं तरी मी आधी स्वतःचं काय चुकलं ते बघते.

शहाण्णवच्या सप्टेंबरातली गोष्ट. मयूरी दुपारची उठली आणि तिनं आळस दिला. हात डोक्यावर, पाय ताणलेले, पाठीची कमान. मूल आळस देतं त्यात बघण्यासारखं काय? मी बघत होते कारण तो संपत नव्हता. हात थरथरत नव्हते, तोंडानं आवाज नव्हता, आणि डोळे उघडे होते. मी मनात आकडे म्हणायला लागले. पंचेचाळीसला ती सैल पडली आणि हसली.

दुसऱ्या दिवशी साठ. चौथ्या दिवशी मी शंभरावर पोचले आणि तिचे हात धरून खाली आणले. ते ओल्या कपड्याच्या पिळासारखे घट्ट होते. कुणीतरी दुसऱ्या टोकाला धरून ठेवलेत असं मला वाटलं, आणि लगेच वाटलं की बाई, तू झोप घेत जा.

याला इंग्रजीत शब्द आहे, पँडिक्युलेशन. झोपेतून उठताना अंग ताणणं. मूळ लॅटिन, 'पसरणं' या अर्थाच्या धातूपासून. मीच कधीतरी लिहिला होता. पाचव्या दिवसापासून तिचा आळस नेहमीसारखा, दोन सेकंदांचा झाला.

२

त्याच दिवशी पोटाचं सुरू झालं.

मी स्वयंपाकघरात होते. मधल्या खोलीत कुणीतरी घागर उपडी करत असावं असा आवाज आला, डुबडुब करत, खूप खोलवरून. नळ बंद होता. माई अंगणात होत्या. मी जाऊन पाहिलं तर मयूरी गाढ झोपलेली आणि आवाज तिच्या पोटातून येत होता. एवढ्याशा पोटातून. कान लावला तर आवाज लांब गेला, विहिरीच्या तळाशी गेल्यासारखा, आणि कान काढला की पुन्हा जवळ आला.

मिरजेला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट चाचपलं, वजन केलं. "मुलीला काही नाही. तुम्ही काय करता?"

"शब्द लिहिते."

त्यांनी मलाच टॉनिक लिहून दिलं.

शनिवारी सुमंत आले तेव्हा मी सांगितलं की पोटातल्या गुरगुरीला बोर्बोरिग्मस म्हणतात. ग्रीक शब्द आहे, आवाजावरूनच पडलेला.

"हे तूच लिहिलंयस ना?" ते म्हणाले. "मग घाबरतेस काय? नाव असलेला आजार साधा असतो. बिननावाचा आला तर सांग मला."

मी हसले. हसण्यासारखंच होतं. मागे पाकशास्त्राचं पुस्तक वाचत होते तेव्हा मला सगळीकडे जळका वास यायचा, तशातलीच मी. रोज शब्दांत डोकं घालून बसलेल्या बाईला घरभर शब्द दिसणार नाहीत तर काय?

३

मयूरी बोलत नव्हती. वीस महिने झाले तरी एक शब्द नाही. दर रविवारी माई वेखंड उगाळून मधातून तिच्या जिभेला लावायच्या आणि मी शेजारी उभी राहून माझ्या गरोदरपणात मी काय खाल्लं नाही ते आठवायचे. त्यामुळे एका सकाळी बनाबाई "ताई, भांडी झाली" म्हणाली आणि पाठोपाठ मयूरी "झाली" म्हणाली, तेव्हा बनाबाईनं हातातलं पातेलं टाकून तिचा मुका घेतला.

"बोलली की वं! माझंच पयलं बोलली!"

माईंनी शेजारी साखर वाटली. दोन दिवस घरात सण होता. दूधवाला म्हणे, "उद्या सुट्टी," मयूरी म्हणे, "सुट्टी." प्रत्येकाच्या वाक्याचं शेपूट ती उचलायची, तेही त्याच्याच चालीत. बनाबाईचं बनाबाईच्या ठसक्यात, माईंचं माईंच्या सुस्काऱ्यासकट. समोरचा थांबला की अर्धा श्वास जाऊ द्यायची आणि मग म्हणायची. फक्त आपलं असं काही बोलायची नाही. 'आई' म्हणाली नाही, कारण मला आई म्हणून हाक मारणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा मला त्यातही गंमत वाटली.

मंगळवारी दुपारी लाइट गेली होती. पंखा बंद, बाहेर रस्ता सामसूम. मयूरी लवकर उठली होती आणि कपाट नि भिंत यांच्या मधल्या कोपऱ्यात माझ्याकडे पाठ करून बसली होती. माई देवळात गेल्या होत्या. मी डेस्कावर लिहीत होते, तोंडानं चकार शब्द काढला नव्हता.

"उरले?" मयूरी म्हणाली.

मी मान वर केली. ती कोपऱ्याकडे बघत होती. मग मान किंचित कलती करून, जशी ती ऐकताना करायची, ती थांबली. अर्धा श्वास.

"दोन."

ती चाल आमच्या घरातली कुणाचीच नव्हती. हळू, अजिबात घाई नसलेली. दिवसाची कामं उरकत आलेल्या बाईची असावी तशी.

मी उठून तिला उचललं. कोपऱ्यात काही नव्हतं. कपाटामागे हात घातला तर जळमट आणि माझी हरवलेली हेअरपिन. एकोलालिया, माझ्या डोक्यानं आपणहून सांगितलं. दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं पुन्हा म्हणणं. मूळ ग्रीक : प्रतिध्वनी आणि बोलणं. सगळी मुलं करतात.

पण प्रतिध्वनीला आधी कुणीतरी बोलावं लागतं. हे कळायला एम.ए. लागत नाही.

४

आळस, पोट, प्रतिध्वनी. तिन्ही शब्द मी एकाच पानावर लिहिले होते, एवढं मला आठवलं. त्या पानावर पाच शब्द होते. पाचातून तीन गेले.

बुधवारी सकाळी मी माझा गठ्ठा उपसला. मी नेहमी कार्बन घालून लिहायचे. कार्बनची प्रत तात्यांना द्यायची आणि मूळ पान माझ्याकडे ठेवायची. तात्या त्या प्रतींच्या पट्ट्या कापून वर्णक्रमानं चिकटवायचे, म्हणजे छापील पुस्तिकेत माझा क्रम राहायचाच नाही. गठ्ठ्यात सगळी पानं होती, ते एक सोडून. त्यावरचे उरलेले दोन शब्द काही केल्या आठवेनात. ते पान लिहितानाच माझ्या कळा सुरू झाल्या होत्या.

माई मेथी निवडत होत्या. बनाबाई मोरीत बादल्या भरत होती.

"माई, मयूरी झाली तेव्हा माझ्या डेस्कावरचा एक कागद कुणी घेतला होता का?"

"मीच घेतला. पाचवीला."

माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली, म्हणून बाळंतपण माहेरी न होता इथंच झालं. पाचवीची पूजाही इथंच. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, सटवाई येते आणि बाळाचं पुढचं लिहून जाते. मी तेव्हा खाटेवर पडून हे सगळं कौतुकानं, जरा वरूनच, बघितलं होतं.

"त्या दिवशी वाण्याचं दुकान बंद," माई म्हणाल्या. "घरात कोरा कागद नाही. मग तुझ्या गठ्ठ्यातला पाठकोरा काढला. मागची बाजू स्वच्छ होती, ती वर करून ठेवली. का गं, महत्त्वाचा होता का?"

आमच्या घरात पाठकोरा कागद कधी वाया गेला नव्हता. कॅलेंडरच्या पानांमागे धोब्याचे कपडे लिहिले जायचे. मामंजींनी तर सुमंतची जन्मवेळसुद्धा सर्कशीच्या जाहिरातीमागे लिहून ठेवली होती. मीही तेच केलं असतं.

"पुढच्या बाजूला इंग्रजी होतं, माई."

"असू दे की. सटवाईला इंग्रजी कुठलं यायला?" माई हसल्या आणि मीही हसणार होते, तेवढ्यात मोरीतून बनाबाई म्हणाली, "त्या विंग्रजी बाजूला हळद लागलीवती न्हवं."

"कुठली हळद?" माईंनी विचारलं.

"सकाळी पाळण्याखालनं म्याच उचलला की त्यो कागुद. वर आपण कुकू वाहिल्यालं, ते तसंच. पलटी केला तर खालच्या अंगाला हळदीचं ठिपकं. पाच. एकेका ओळीफुडं एक. शाळंत मास्तर वही तपासून करत्यात का न्हाई, तसं." ती बादली घेऊन दारात आली आणि आमची तोंडं बघून थबकली. "मला वाटलं तुमीच केल्यात, माई."

माईंच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली.

"कुठे आहे तो कागद?" मी विचारलं.

"हार, विडा, कागद, सगळं कृष्णेत सोडलं," माई म्हणाल्या. "तसंच करतात."

५

कागद गेला, पण कार्बन होता. कळा आल्यावर मी लिहिणं टाकलं, आणि पुन्हा सुरू केलं तेव्हा तात्यांनी नवं पाकीट दिलं होतं. जुना कार्बन खणाच्या तळाशी, मयूरीच्या टोपड्याखाली सापडला. खिडकीच्या काचेला लावून मी तो उजेडासमोर धरला. तीन-चार पानांचं अक्षर एकावर एक चढलेलं. सगळ्यात शेवटचं तेवढं ठळक होतं. शेवटी शेवटी मी पेन फार दाबलं असणार, कळ दाबून धरावी तसं.

चौथा शब्द जामेवू. फ्रेंचमधून इंग्रजीत जसाच्या तसा आलेला. मूळ : 'कधीच पाहिलं नाही'. अर्थ, माझ्याच अक्षरात : रोजचं, ओळखीचं माणूस पूर्वी कधी पाहिलंच नाही असं वाटणं. हे वाक्य जमल्यावर मी स्वतःवर खूश झाले होते, ते आठवलं.

पाचवा होता रेथ. अर्थ : जिवंत माणसाची हुबेहूब आकृती. ज्याची दिसते ते माणूस पुढे फार दिवस राहत नाही, असा समज. मूळ : स्कॉटलंड. त्याआधीचं अज्ञात.

त्या 'अज्ञात'वरून तात्या माझ्यावर रागावले होते. "मूळ न्हाई असं कसं हो? कुठनं तरी आलंच असंल की ते."

एसटीडी बूथवरून मी साताऱ्याला सुमंतना फोन लावला. बूथवाला समोर बसून ऐकत होता, म्हणून मी शक्य तेवढ्या शहाण्या आवाजात सगळं सांगितलं. शहाण्या आवाजात ते आणखीनच वेडं वाटलं.

"अगं, शनिवारी येतोच आहे मी," ते म्हणाले. "तोवर ते शब्दांचं काम बंद ठेव. तात्यांना सांग, बरं नाही म्हणून."

"अहो, बंद ठेवून काय होणार? लिहून झालंय."



६

गुरुवारी दुपारी मयूरी उठली. मी रात्रभर जागी होते आणि सकाळपासून तिच्याजवळून हलले नव्हते. तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

रडली असती तर बरं झालं असतं. एसटीत शेजारच्या बाकावरच्या बाईकडे बघावं तसं तिनं मला बघितलं. एकदा, आणि मग पलीकडे खिडकीकडे. मी हात पुढे केला तर ती अंग चोरून भिंतीला सरकली. घाबरून नव्हे. अनोळखी माणसाला वाट द्यावी तशी.

माईंकडे गेली. बनाबाईकडे गेली. शनिवारी सुमंत आले तर धावत त्यांच्या पायांना बिलगली. माझ्या हातचा घास तिनं आठ दिवसांत एकदाही घेतला नाही. मी कालवून द्यायचे आणि माई भरवायच्या, मी दाराआडून बघायचे. शेपूट उचलणंही थांबलं होतं. ती पुन्हा मुकी झाली होती. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, "फार लळा असला की मुलं कधीकधी रुसतात." ह्या वेळी थेंब दिले, दोघींनाही.

सुमंतनी रविवारभर कारणं शोधली. "तू साबण बदललास का? केस वेगळे बांधतेस का?" मी खरोखरच जुना साबण शोधून आणला. संध्याकाळी मयूरीला मांडीवर घेऊन ते माझ्यासमोर बसले आणि तिला म्हणाले, "ही कोण?" तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, उत्तर त्यांनीच सांगावं अशा नजरेनं. त्यानंतर त्यांनी कारणं शोधणं सोडलं. शुक्रवारी दुपारीच निघतो, रजा टाकतो, असं सांगून सोमवारी गेले.

मी नवा कोराकरकरीत कागद आणला, दोन्ही बाजूंनी कोरा. पाट मांडला. लेखणी ठेवली. माई दारात उभ्या होत्या.

"पाचवी एकदाच असते गं," त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या. अपराधी वाटण्यात आता आम्ही दोघी बरोबरीच्या झालो होतो.

माझ्या हातात एकच गोष्ट उरली होती. रेथचा अर्थ लिहिताना मी 'ज्याची दिसते' असं लिहिलं होतं. कुणाला तरी दिसावं लागतं. तर मग मी बघायचं नाही. मी नियम केला : मयूरी कुठे आहे हे पक्कं कळल्याखेरीज मान वर करायची नाही. आधी मोठ्यानं विचारायचं, "मयूरी कुठाय?" माई किंवा बनाबाई "इथं हाय माझ्यापाशी" म्हणाली की फक्त तिकडे बघायचं, इतर कुठेच नाही. दारातून सावली गेली, पावलं वाजली, पाळण्याची कडी किरकिरली, तर नजर जमिनीवर. हा नियम वेड्या बाईचा आहे हे मला दिसत होतं. पण चार दिवस तो पुरला.

७

शुक्रवारी, अकराच्या सुमाराला, बनाबाईनं मयूरीला मोरीत नेलं. माई देवळात होत्या. मी मधल्या खोलीत डेस्काशी बसले होते, दाराकडे पाठ करून. मोरीचं दार लोटलेलं होतं. पाण्याचे तांबे पडत होते, बनाबाईची बडबड चालली होती.

"मान वर कर गं माझे बाय. डोळं मीट. आसं."

मी ते ऐकत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला जरा बरं वाटत होतं, कारण ती कुठे आहे ते मला अगदी पक्कं ठाऊक होतं. दुपारी सुमंत निघणार होते. खिडकीबाहेर दोरीवर तिचा पिवळा झबला-फ्रॉक वाळत होता.

पाठीमागून पावलं आली. ओल्या नव्हे, कोरड्या. मी मान खाली घातली. माझ्या काखेखालून एक डोकं आत शिरलं, मांडीवर वजन आलं. फार वजन नव्हतं, घडी केलेल्या रजईएवढं. केस माझ्या हनुवटीला लागले.

"आई," ती म्हणाली.

हे कुणाच्या वाक्याचं शेपूट नव्हतं. तिचं, आपणहून, मलाच उद्देशून. वीस महिने मी ज्याची वाट बघत होते ते. माझे हात आपोआप तिच्याभोवती गेले. किती वेळ गेला सांगता येत नाही. मी तिचे केस हुंगले. त्यांना वासच नव्हता. ना तेलाचा, ना घामाचा, ना दुधाचा.

मोरीत तांब्या बादलीवर वाजला.

"ताई, टावेल द्या की वं! पोरगी गारठली!"

आणि बनाबाईच्या आवाजामागे एक बारीक, थंडीनं कुडकुडणारं रडणं.

मी खाली बघितलं नाही. शपथेवर सांगते, चेहरा मी बघितला नाही. नजर चुकवताना एवढंच दिसलं : माझ्या मनगटावर ठेवलेला छोटा हात आणि पिवळी बाही. मी पटकन वर पाहिलं. पिवळा फ्रॉक खिडकीबाहेर दोरीवरच होता, वाऱ्यानं हलत.

डाव्या हातानं मी पदर ओढला आणि मांडीवरचं ते सगळं झाकलं. अंगावर पाजताना झाकतात तसं, डोक्यापासून. दोन्ही हातांनी पदराच्या कडा घट्ट धरल्या. आतून ते मला आणखी बिलगलं. बिलगणं अगदी खरं होतं. इतकं खरं की मला रडू आलं. आठ दिवस माझ्या पोटच्या मुलीनं मला ओळखलं नव्हतं, आणि हिनं ओळखलं होतं.

"ताई? आवं ऐकताय न्हवं?"

मी पदराच्या कडा आणखी आवळल्या. मोरीचं दार वाजलं. बनाबाईची ओली पावलं फरशीवरून आली आणि माझ्यासमोर थांबली. तिनं स्वतःच्या लुगड्याच्या सोग्यात मयूरीला गुंडाळलं होतं. मयूरीचे ओठ थंडीनं निळे पडले होते, केसांतून पाणी गळत होतं, बेसनाचा वास खोलीभर झाला.

"मी वरडतीया तिथनं," बनाबाई म्हणाली. मग तिची नजर माझ्या मांडीवर गेली. "काय झाकलंय वं पदराखाली?"

"काही नाही."

पदर हलला. बनाबाईनं ते पाहिलं. ती एक पाऊल मागं सरली आणि तिनं मयूरीला छातीशी दाबून धरलं.

मयूरी तिच्या कडेवरून वळली. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि ह्या वेळी तिची नजर माझ्यावरून खिडकीकडे गेली नाही. ती माझ्या तोंडावर येऊन थांबली. भुवया गोळा झाल्या, ओठ वाकडे झाले. एवढे दिवस कुठं होतीस, असा तिचा चेहरा झाला. रडं फुटलं आणि तिनं दोन्ही हात माझ्याकडे पसरले, अर्धी बनाबाईच्या कडेवरून लोंबकळत, मी तिला घ्यावं म्हणून.

"घ्या की वं ताई," बनाबाई म्हणाली. "तुमच्याकडं येतीया ती. घ्या तिला."

तिला घ्यायचं तर मला हात सोडवावे लागणार होते. आणि हात सोडले की पदर पडणार होता.